संध्याकाळी तुटणारा आवाज : एका घरातल्या इंटरनेटची तपासणी

तक्रार एका वाक्यात मावणारी होती. संध्याकाळच्या शिकवणीत बाईंचा आवाज तुटतो, पण रोज नाही.

बाई म्हणजे आमच्या शाळेतल्या गणिताच्या बाई. निवृत्त झाल्यावर त्या घरूनच व्हिडिओ कॉलवर शिकवू लागल्या. सात-आठ मुलं, आठवड्याचे पाच दिवस, संध्याकाळी सहा ते साडेसात. घरात मुलगी, जावई आणि नववीतली नात. इंटरनेटची जोडणी आधीपासूनची होती आणि एरवी तिच्याबद्दल कुणाचं काही म्हणणं नव्हतं. काही संध्याकाळी मात्र शिकवणी सुरू होऊन पंधरा-वीस मिनिटं झाली की मुलं सांगू लागत, "बाई, आवाज कापला जातोय." चित्र थिजायचं, दोघं एकदम बोलू लागायचे आणि दोघंही एकदम थांबायचे. गणितात याचा त्रास जास्त होतो. समीकरण सोडवताना मधली एक पायरी कुणाच्याच कानावर पडलेली नसते, आणि ती हरवली हे बाईंना कळतं तेव्हा त्या दोन पायऱ्या पुढे गेलेल्या असतात.

हे प्रकरण सविस्तर लिहावंसं वाटलं, कारण त्यात एकही वस्तू बिघडलेली नव्हती. लॅपटॉप ठीक, राउटर ठीक, बाहेरून येणारी लाइन ठीक, नातीचा फोन तर उत्तम. प्रत्येक यंत्र आपापलं काम चोख करत होतं आणि तरीही एका शिक्षिकेला आपल्या विद्यार्थ्यांशी सलग बोलता येत नव्हतं. अशा वेळी घरातली माणसं चुकीच्या जागी खर्च करत राहतात. या घरातही तेच झालं होतं.

आधी झालेले उपाय

पहिला संशय अर्थातच वाय-फायवर गेला. बाई मागच्या खोलीत बसतात, राउटर पुढच्या खोलीत. जावयांनी जास्त अँटेनांचा नवा राउटर आणला. मागच्या खोलीतही वाय-फायच्या सगळ्या रेघा दिसू लागल्या, आवाज मात्र तुटतच राहिला. त्या रेघा लॅपटॉप आणि राउटर यांच्यामधला सिग्नल किती जोरदार आहे एवढंच सांगतात. राउटरच्या पलीकडे, घराबाहेर जाणाऱ्या वाटेवर काय चाललंय याचा त्यांना पत्ता नसतो. पण पडद्यावर इंटरनेटची म्हणून दुसरी कुठलीच खूण नसल्यामुळे माणसं सगळी परीक्षा त्या रेघांवर करतात, आणि त्यात त्यांचा दोष नाही.

दुसरा उपाय रिपीटर, म्हणजे वाय-फायचा सिग्नल पुढे पोचवणारी पेटी. तो आल्यावर दोन आठवडे एकही शिकवणी तुटली नाही, त्यामुळे प्रश्न मिटला असं सगळ्यांनी धरून चाललं. तिसऱ्या आठवड्यात पुन्हा सुरू. ते दोन आठवडे का शांत गेले याचं उत्तर नंतर सापडलं, आणि त्यात रिपीटरचा काहीही वाटा नव्हता.

तिसरा उपाय सगळ्यांत महागाचा: मोठा प्लॅन. आधी डाउनलोड ४० मेगाबिट प्रतिसेकंद होतं ते १०० झालं. अपलोड आधीही ५ होतं, नंतरही ५च. जाहिरातीत पहिला आकडा ठळक असतो. दुसरा शोधून काढावा लागतो, आणि या घरात तो कुणी शोधलेला नव्हता. आपण बोलतो, आपला चेहरा दाखवतो, फोटो चढवतो तेव्हा सगळी वाहतूक दुसऱ्या आकड्यातून होते, ही गोष्ट विकणाऱ्याने समोर बसवून सांगायला हवी असं मला मनापासून वाटतं.

मग कंपनीचा माणूस आला. सकाळी अकराला आला, मोडेमला, म्हणजे बाहेरची लाइन जिथे येते त्या पेटीला, वायर लावून वेगाची चाचणी घेतली, १०० आणि ५ दोन्ही आकडे बरोबर आले, पिंग, म्हणजे जाऊन येण्याचा वेळ, २० मिलिसेकंद. "लाइन एकदम क्लिअर आहे" असं लिहून गेला. ते खरंही होतं. अकरा वाजता घरात बाई आणि एक फोन एवढंच होतं.

बाईंची वही

बाईंनी मला बोलावलं तेव्हा माझ्यासमोर लॅपटॉप ठेवला नाही, वही ठेवली. तीस वर्षं मुलांच्या चुकांचे नमुने ओळखण्यात गेलेली बाई. त्यांनी उभे रकाने आखले होते: तारीख, मुलांची संख्या, पाऊस आहे का, लॅपटॉप चार्जिंगला आहे का, घरात कोण कोण आहे, आणि शेवटी शिकवणी कशी झाली. तुटायला लागल्याची आणि सुधारल्याची वेळही लिहिलेली.

"अगं, पावसाचा संबंध नाही, मी तपासलं," बाई म्हणाल्या. "मुलांच्या संख्येचाही नाही. आठ असताना नीट झालेली आहे आणि तीन असताना बिघडलेली आहे."

मला उपयोगी पडला तो "घरात कोण कोण" हा रकाना. जावई असण्या-नसण्याने फरक पडत नव्हता, मुलगी असण्यानेही नाही. ज्या दिवशी शिकवणी तुटली त्या प्रत्येक दिवशी नात सव्वासहाच्या सुमारास घरी आलेली होती. मात्र ती घरी असूनही नीट पार पडलेल्या शिकवण्या वहीत होत्या. म्हणजे ती घरी असणं पुरेसं नव्हतं. त्या दिवशी ती बाहेरून आलेली असायला हवी. नात जिम्नॅस्टिक्सच्या सरावाला जाते, आठवड्यातून तीनदा. तिच्या सरावाचे दिवस आणि तुटलेल्या शिकवण्यांचे दिवस शेजारीशेजारी ठेवले तेव्हा ते जुळले. रिपीटर आल्यानंतरचे ते दोन शांत आठवडे म्हणजे तिच्या परीक्षेचे दिवस होते. सराव बंद होता.

आणखी एक गोष्ट वहीत होती. बिघाड सात-सव्वासातच्या सुमारास आपोआप निवळत असे. बाईंचा अंदाज होता की त्या वेळी आजूबाजूच्या घरांतली माणसं इंटरनेट वापरायची थांबत असतील.

नातीला विचारलं, घरी आल्यावर काय करतेस? ती म्हणाली, काही नाही, फोन चार्जिंगला लावते आणि अंघोळीला जाते.

फोन खरोखर नुसताच चार्जिंगवर पडलेला असे. पण सरावाच्या वेळी तो स्टँडवर लावून ती स्वतःच्या उड्यांचं चित्रण करते, कारण जमिनीवर उतरताना गुडघा कुठे जातो हे नंतर हळू गतीने पाहिल्याशिवाय कळत नाही. दिवसाला दहा-बारा मिनिटं, ४के दर्जाचं. तिच्या फोनमध्ये असं एक मिनिट सुमारे १७० मेगाबाइटचं होतं. दहा मिनिटांचे १.७ गिगाबाइट. फोन घरच्या वाय-फायवर आला, चार्जिंगला लागला, की त्यातलं बॅकअपचं काम सुरू होतं. एक बाइट म्हणजे आठ बिट, त्यामुळे ५ मेगाबिटच्या वाटेने १.७ गिगाबाइट जायला, वाट पूर्ण मोकळी मिळाली तरी, पंचेचाळीस मिनिटं लागतात. सव्वासहा ते सात. वहीतली वेळ हिशोबाने निघाली तेव्हा बाईंच्या चेहऱ्यावर जो आनंद होता तो मी शाळेत अनेकदा पाहिला आहे.

दोन खिडक्या

जुळणी म्हणजे पुरावा नव्हे. म्हणून सरावाच्या एका दिवशी लॅपटॉपवर कमांडच्या दोन खिडक्या उघडून ठेवल्या. एकीत घरच्या राउटरला सतत पिंग, दुसरीत बाहेरच्या एका सर्व्हरला. पिंग म्हणजे एक छोटं पॅकेट, माहितीचा एक तुकडा, पाठवून ते परत यायला किती वेळ लागला ते मोजणं. राउटरचं पिंग ज्या वेळी वाढेल तेव्हा दोष वाय-फायचा. राउटरचं स्थिर राहून फक्त बाहेरचं वाढलं तर दोष राउटरच्या पुढे.

सहा वाजता राउटर २-३ मिलिसेकंद, बाहेरचा सर्व्हर २० च्या आसपास. नात आली, फोन लावला. राउटरची खिडकी होती तशीच राहिली. दुसऱ्या खिडकीतला आकडा चढू लागला: ८०, ३००, ९००, आणि मग दीड सेकंदाच्या आसपास जाऊन तिथेच राहिला. नातीला फोनवरचं वाय-फाय बंद करायला सांगितलं. काही सेकंदांत आकडा परत २० वर. पुन्हा चालू केलं, पुन्हा दीड सेकंद.

यात एकही पॅकेट हरवत नव्हतं, सगळी पोचत होती. फक्त फार उशिरा पोचत होती. फोनवरच्या संभाषणासाठी एका दिशेचा उशीर १५० मिलिसेकंदांच्या आत असावा, असं आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाची जी.११४ ही शिफारस सांगते. इथे तो त्याच्या कितीतरी पट होता. दोघं एकदम बोलतात आणि दोघंही एकदम थांबतात, ते यामुळे. आवाज कॉलमध्ये बहुधा वीस-वीस मिलिसेकंदांच्या तुकड्यांनी जातो. ऐकणाऱ्याच्या बाजूचं सॉफ्टवेअर उशिराचे तुकडे थोडा वेळ सांभाळून घेतं, पण ठरलेली घडी उलटून गेल्यावर आलेला तुकडा त्याला टाकूनच द्यावा लागतो, कारण पुढचं वाक्य सुरू झालेलं असतं. मुलांना ऐकू येणारा "कापलेला" आवाज म्हणजे पोचूनही वाया गेलेले तुकडे.

रांग कुठे लागते

मोडेममध्ये एक साठा असतो, बाहेर जाण्याची वाट पाहणाऱ्या पॅकेटांचा. राउटरकडून मोडेमपर्यंतची वायर अतिशय वेगवान आणि मोडेमच्या पुढची वाट ५ मेगाबिटची, त्यामुळे गर्दी नेमकी तिथे साचते. हा साठा १ मेगाबाइटचा धरला तर ते झाले ८ मेगाबिट, आणि ५ च्या वेगाने तो रिकामा व्हायला १.६ सेकंद लागतात. बाईंच्या तोंडून निघालेला प्रत्येक शब्द नातीच्या व्हिडिओच्या त्या रांगेच्या शेवटी उभा राहत होता. आवाजाला लागणारी जागा शंभर किलोबिटच्याही आतली, चेहऱ्यासकट कॉल साधारण एका मेगाबिटचा. जागा होती. आधी जाण्याची संधी नव्हती.

इतका मोठा साठा ठेवलाच कशाला, असं जावयांनी विचारलं. साठा अगदीच नसेल तर क्षणभराच्या गर्दीतही पॅकेटं गळतील, म्हणून थोडा हवाच. पण मेमरी स्वस्त होत गेली आणि पॅकेट गमावणं वाईटच, या समजुतीने यंत्रं बनवणाऱ्यांनी तो वाढवत नेला. अरुंद दारासमोरची पडवी कितीही मोठी केली तरी दारातून बाहेर पडणाऱ्यांचा वेग वाढत नाही, पडवीत ताटकळणारे तेवढे वाढतात.

यामागे जुना इतिहास आहे. १९८६ च्या ऑक्टोबरमध्ये लॉरेन्स बर्कली प्रयोगशाळा आणि तिच्यापासून काहीशे मीटरवरचं बर्कलीचं विद्यापीठ यांच्यामधला वेग ३२ किलोबिटवरून चक्क ४० बिट प्रतिसेकंद इतका कोसळला. व्हॅन जेकबसन यांनी त्याचा अभ्यास केला आणि १९८८ च्या निबंधात टीसीपीला, म्हणजे इंटरनेटवर माहिती पोचवण्याच्या नियमांना, गर्दी ओळखून माघार घ्यायला शिकवलं. खूण सोपी होती: पॅकेट हरवलं की समजायचं, पुढे जागा नाही, वेग कमी करा. इंटरनेट त्यावर तरलं. पण ही पद्धत पॅकेट वेळेवर हरवण्यावर उभी आहे. मोडेममधल्या भल्या मोठ्या साठ्यात पॅकेट हरवतच नाही, साठा काठोकाठ भरेपर्यंत पाठवणाऱ्याला कसलीच खबर लागत नाही आणि तो वेग वाढवत राहतो. २०१० मध्ये जिम गेटिस यांना घरून मोठ्या फायली पाठवताना हाच प्रकार दिसला. त्यांनी त्याचा पाठपुरावा केला आणि त्याला बफरब्लोट हे नाव दिलं. एक्स विंडो (पडद्यावरच्या खिडक्यांची व्यवस्था) आणि एचटीटीपी (वेबपानं आणण्याचे नियम) यांवर काम केलेल्या माणसालाही आपल्या घरचं इंटरनेट का रखडतं हे खणून काढावं लागलं, तिथे बाईंच्या घराने राउटर बदलून पाहिला यात नवल नाही.

कॉलच्या बाबतीत अन्याय दुहेरी होतो. कॉलचं सॉफ्टवेअर बहुधा उशीर वाढताना दिसला की लगेच नमतं घेतं, चित्र बारीक करतं, कमी पाठवतं. अपलोड मात्र पॅकेट हरवेपर्यंत नमत नाही. त्यामुळे मोकळी झालेली जागाही अपलोडच घेऊन टाकतं. समंजस वागणाऱ्याच्या वाट्याला कमी येतं.

खरं तर मागे राहून काम करणारी, उशीर दिसला की आपण होऊन बाजूला होणारी पद्धतही आहे. लेडबॅट नावाने ती २०१२ मध्ये आरएफसी ६८१७ म्हणून प्रसिद्ध झाली (आरएफसी म्हणजे इंटरनेटच्या तांत्रिक पद्धतींची क्रमांकित टिपणं), आणि फायलींची देवाणघेवाण करणाऱ्या बिटटोरंटच्या जगात तिचा वापर झाला. घाई नसलेल्या प्रत्येक बॅकअपने असं वागावं अशी माझी ठाम अपेक्षा आहे. रात्रभर पडून राहणाऱ्या फोनमधला व्हिडिओ सातला पोचला काय आणि नऊला पोचला काय.

बॅकअप बंद करायचा नाही

सोपा उपाय सगळ्यांच्या मनात आला: नातीचा बॅकअप बंद करा. तिने साफ नकार दिला, आणि मला तिचं पटलं. वर्षभरापूर्वी तिचा जुना फोन पाण्यात पडून कायमचा गेला होता. नव्या फोनवर तिने आपलं खातं उघडलं आणि रात्रीतून सगळं परत आलं. सरावाचे व्हिडिओ आले, मैत्रिणींचे फोटो आले, आणि आजोबांचेही आले. आजोबा त्याच्या आदल्या वर्षी गेले होते. त्यांचा बोलतानाचा आवाज त्या फोनशिवाय कुठेच नव्हता. कुणीही वेगळी आठवण न ठेवता, कुठलंही बटण न दाबता तो सांभाळला गेला होता. रोजच्या वापरातल्या तंत्रज्ञानाने या घराला दिलेलं हे सगळ्यांत मोठं सुख होतं, आणि शिकवणी मोडणारं यंत्रही नेमकं हेच होतं. एकाला बंद करून दुसऱ्याला जागा करणं हा मार्ग बाईंनाही मान्य नव्हता.

फोनमध्ये बॅकअपची वेळ ठरवायची सोय नव्हती. "फक्त चार्जिंगवर असताना" हा पर्याय होता आणि तो आधीच चालू होता. ती चार्जिंगला लावते तेव्हाच शिकवणी चालू असते. मग जावयांनी राउटरमध्ये बाईंच्या लॅपटॉपला प्राधान्य दिलं. काहीच फरक पडला नाही, आणि का पडला नाही हे समजणं पुढच्या उपायासाठी गरजेचं होतं. प्राधान्य देणार राउटर, पण रांग लागते मोडेममध्ये. राउटरपाशी कुणी थांबतच नाही, मग तो कुणाला पुढे सोडणार? मोडेममध्ये शिरल्यावर सगळी पॅकेटं सारखीच.

म्हणून रांग राउटरमध्ये आणावी लागते, आणि ती आणायचा मार्ग एकच: राउटरला सांगायचं की बाहेरची वाट ५ ची नसून त्याहून थोडी कमी आहे. मग राउटर त्याहून जास्त पुढे सोडत नाही, मोडेमचा साठा कधी भरत नाही, आणि गर्दी तिथे जमते जिथे तिला शिस्त लावता येते.

या मुद्द्यावर घरात बराच वाद झाला. जावई म्हणाले, "मी वेग वाढवायला पैसे भरले, आणि तू तो कमी करायला सांगतेस?" मुलीला वाटलं, मग तर सगळंच हळू होईल. बाईंनी वही पुढे ओढली आणि हिशोब मांडला. ५ ऐवजी ४.३ दिले तर नातीचा १.७ गिगाबाइटचा बॅकअप पंचेचाळीसऐवजी त्रेपन्न मिनिटांत होईल. तिला त्या आठ मिनिटांचं काही पडलेलं नाही. माझा प्रत्येक शब्द मात्र दीड सेकंदाऐवजी लगेच जाईल. "यात वाद घालण्यासारखं काय आहे?" त्यांनी विचारलं. नातीने त्यात भर घातली की कॉल चालू असताना कॉलचा वाटा वजा जाऊन तिला आणखी उशीर होईल. तिला तोही चालणार होता.

रांगेला शिस्त लावण्याची राउटरमधली सोय वेगळीच युक्ती वापरते. कोडेल ही पद्धत कॅथलीन निकोल्स आणि व्हॅन जेकबसन यांनी २०१२ मध्ये मांडली. १९८८ चे तेच जेकबसन. ती रांगेची लांबी मोजत नाही, प्रत्येक पॅकेट किती वेळ ताटकळलं ते पाहते. १०० मिलिसेकंदांच्या काळात ताटकळणं एकदाही ५ मिलिसेकंदांच्या खाली आलं नाही, की एक पॅकेट मुद्दाम टाकते. पाठवणाऱ्याला हवी ती खबर वेळेत मिळते आणि तो आवरतं घेतो. तिच्यावर बेतलेली एफक्यू-कोडेल प्रत्येक संभाषणाला वेगळी रांग देते, त्यामुळे बाईंच्या आवाजाचं छोटं पॅकेट नातीच्या व्हिडिओमागे उभंच राहत नाही. २०१८ मध्ये ती आरएफसी ८२९० म्हणून नोंदली गेली. त्याच वर्षी केक ही आणखी सुटसुटीत पद्धत लिनक्स या संगणकप्रणालीच्या ४.१९ आवृत्तीत आली. या कामामागे डेव्ह टाट यांच्यासारख्या माणसांनी घातलेली वर्षं आहेत. २०२५ मध्ये ते गेले. त्यांच्या मेहनतीमुळे ज्यांचे कॉल तुटत नाहीत अशांपैकी बहुतेकांना त्यांचं नावही माहीत नसेल, म्हणून इथे मुद्दाम लिहिते.

अँटेना वाढवायच्या म्हणून आणलेल्या त्याच राउटरमध्ये ही सोय पहिल्या दिवसापासून होती. मेनूच्या तिसऱ्या पातळीवर, बंद. बंद ठेवण्याला एक समर्थन आहे: घरची वाट किती रुंद आहे हे राउटरला कारखान्यात कळू शकत नाही. पण पहिल्यांदा चालू करताना त्याला मोजून घेता येतं, विचारता येतं. खोक्यावर मात्र दुसराच मोठा आकडा छापलेला होता, वाय-फायच्या कमाल वेगाचा. या घरात त्याचा कुणाला काही उपयोग नव्हता.

बदलानंतर

अपलोड ४.३, डाउनलोड ९० असे आकडे भरले, पद्धत केक निवडली. सरावाच्या पुढच्या दिवशी पुन्हा दोन खिडक्या. फोन लागला, बॅकअप सुरू झाला, बाहेरचं पिंग २० वरून ३०-३५ वर गेलं आणि तिथेच राहिलं. वेबसाइटची पानं उघडायलाही त्या वेळात उशीर लागत असे, तो थांबला. कारण डाउनलोडची पोच देणारी छोटी पॅकेटंही त्याच अपलोडच्या रांगेत अडकत होती. मुलीने ही गोष्ट आधी कधी बोलून दाखवली नव्हती, ती तिला संध्याकाळची रीतच वाटत होती.

शिकवणी नीट झाली. नंतर एकदा आवाज पुन्हा तुटला, तेव्हा बाईंनी स्वतः दोन्ही खिडक्या उघडल्या. त्या दिवशी राउटरचं पिंगही वर-खाली होत होतं. लॅपटॉप दूरच्या कोपऱ्यात नेलेला होता, म्हणजे या खेपेला खरोखरच वाय-फाय. लॅपटॉप जागेवर आणला. रांगेचा उपाय सिग्नलच्या कमतरतेवर चालत नाही, आणि दोन दुखणी वेगळी ओळखता येणं हाच त्या दोन खिडक्यांचा उपयोग.

आता वेगाच्या चाचणीच्या काही सेवा रिकाम्या लाइनवरच्या उशिरासोबत भरलेल्या लाइनवरचा उशीरही दाखवतात. फास्ट डॉट कॉमवर जास्तीची माहिती उघडली की तो दिसतो. मॅकमध्ये २०२१ च्या माँटेरे आवृत्तीपासून नेटवर्कक्वालिटी ही आज्ञा आहे. ती भरलेल्या लाइनवर संदेशाच्या जाऊन-येऊन मिनिटाला किती फेऱ्या होतात ते सांगते, जास्त म्हणजे चांगलं. सकाळी अकराला आलेल्या माणसाने एवढी एक चाचणी केली असती तर त्याला नात घरी असण्याची गरजही पडली नसती, कारण ही चाचणी लाइन स्वतःच भरते आणि मग मोजते.

भरलेले आकडे, मोजल्याची तारीख आणि "प्लॅन बदलला तर पुन्हा मोजा" अशी चिठ्ठी बाईंनी राउटरला चिकटवली आहे. प्लॅन वाढवला आणि हा आकडा तसाच राहिला तर वाढीव वेग कुणाला मिळणारच नाही, म्हणून.

बाईंच्या एका विद्यार्थ्याकडे असाच त्रास आहे. तिथे मोडेम आणि राउटर मिळून कंपनीचीच एक पेटी आहे आणि तिच्यात ही सोय नाही. दुसरा राउटर घ्यावा का, हे त्याच्या घरचे ठरवत आहेत. तोवर तो शिकवणीपूर्वी आपल्या आणि बहिणीच्या फोनमधला बॅकअप हाताने थांबवतो, साडेसातला पुन्हा चालू करतो. विसरू नये म्हणून हजेरी झाल्यावर बाई त्याला आठवण करतात, आणि त्याचं उत्तर आल्यावरच पहिलं गणित घालतात.